ट्यूब देण्याआधी: नांदेड-लातूरच्या औषध दुकानदारांना खुलं पत्र

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या सर्व औषध दुकानदार बंधू-भगिनींना,



तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतील. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर नांदेडच्या विष्णुपुरीतच राहिलो. तुमच्या दुकानात गल्ल्याच्या मागे जे नोंदणी प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, त्याच्या आधीची तोंडी परीक्षा कदाचित माझ्यासमोर झाली असेल. त्या हक्कानं लिहितोय. मागणी एकच आहे: नायटा, खाज, चेहऱ्यावरचे डाग यांसाठी चिठ्ठी नसताना स्टेरॉइडची मलमं देणं बंद करा.

एवढं वाचून तुमच्यातले निम्मे म्हणतील, सर, हे आम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली आणि 14 स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत, आली. त्याआधी एक विचित्र पळवाट होती. तेच औषध गोळीत असेल तर चिठ्ठी लागायची, पण ‘बाहेरून लावण्यासाठी’ असेल तर सूट. ती सूट गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात 328 मिश्र औषधांवर बंदी आली आणि त्यांतही अशी मलमं होती. कायद्याचं काम तिथं संपलं. नंतर काय झालं ते तुम्ही रोज पाहता. एका मिश्रणावर बंदी आली की त्यातलं एखादं औषध बदलून दुसरं बाजारात येतं, कंपनीचा एमआर त्याची स्कीम सांगतो, दहावर दोन फुकट, आणि ट्यूब पुन्हा त्याच खणात जाऊन बसते.

मी तुम्हाला खलनायक ठरवायला बसलेलो नाही. आपल्या भागातली सगळ्यात मोठी त्वचारोगाची ओपीडी तुमच्या काउंटरवर चालते, ही वस्तुस्थिती आहे. किनवट-माहूरच्या माणसाला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात यायचं तर दिवस जातो, रोज बुडतो, सोबतच्या माणसाचाही बुडतो. निलंगा-औशाहून लातूर गाठणं त्यामानानं सोपं, पण खाजेसाठी एवढा प्रवास कुणी करत नाही. खाज हा आजार आहे असंच मुळात लोकांना वाटत नाही. ती एक कटकट असते, आणि कटकट मिटवायला माणूस मेडिकलवर येतो. तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. ‘ते मागच्या वेळचं निळं-पांढरं मलम द्या’ म्हणतो, आणि तुम्ही देता.

तर त्या मलमाचं पुढे काय होतं, ते एकदा नीट पाहू.

नायटा म्हणजे बुरशी. गजकर्ण म्हणा, दाद म्हणा, जांघेत असो की कमरेवर, कातडीच्या वरच्या मृत थरातलं केराटिन खाऊन ती जगते. ती गोल पसरत जाते, कडेला लाल, खवल्यांची, उठावदार रेघ असते आणि मधला भाग निवळलेला दिसतो. ती लाल कड आणि ती खाज बुरशी स्वतः करत नाही, आपलं शरीर करतं. बुरशी आली हे ओळखून प्रतिकारशक्ती तिथं धावून येते, त्या चकमकीतून लाली आणि खाज होते. आता त्यावर क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड लावलं की काय होणार? स्टेरॉइड प्रतिकारशक्तीला गप्प बसवतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. माणूस खूश, दुकानदार खूश. बुरशी सगळ्यात जास्त खूश, कारण तिला अडवणारं आता कुणी उरलं नाही. ट्यूब संपते, माणूस थांबतो, आणि आठ-दहा दिवसांत तोच नायटा दुप्पट जागेत परत येतो. माणूस पुन्हा तुमच्याकडे येतो. आता मला सांगा, यात ‘ट्यूबचा गुण येतो’ असं कुठल्या अंगानं म्हणायचं?

ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही असतं की, हा तुमचा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. असतं. जीवाणूंवरचंही असतं, कधी अमिबावर चालणारंही असतं. स्टेरॉइडच्या जोडीनं ते बुरशीचं औषध अर्धवट काम करतं, आणि माणूस खाज थांबताच लावणं बंद करतो, म्हणजे तेही अर्धवट. बुरशीला औषधाची चव दाखवायची पण मारायचं नाही, यापेक्षा औषधाला न जुमानणारी जात तयार करायचा दुसरा चांगला मार्ग नाही. गेल्या काही वर्षांत नेमकं हेच झालंय. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या कातडीतून मिळालेल्या एका बुरशीला नवं नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपण आहोत. बुरशीवरचं नेहमीचं औषध टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला अडवतं, त्या एन्झाइमच्या जनुकातच या बुरशीत बदल झालेले आढळतात, म्हणून कित्येकदा टर्बिनाफिनची गोळी तिच्यावर निकामी ठरते. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधले तिचे रुग्ण नोंदवले गेले तेव्हा अमेरिकेत त्याची बातमी झाली. आपल्याकडे ती बातमी होत नाही, कारण ती बुरशी आपल्या जांघेतच आहे.

मी शिकवत होतो तेव्हा नायट्याला साधं मलम दोन-तीन आठवडे लावलं की काम व्हायचं. आता त्वचारोगतज्ज्ञ सहा-आठ आठवडे इट्राकोनॅझोल देतात आणि तरीही काहींचा नायटा परत येतो. उष्णता, घाम, घट्ट जीन्स, एका घरात एकच टॉवेल, अशी कारणं अनेक आहेत. मे महिन्यातला नांदेडचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. पण स्टेरॉइडचा बेसुमार वापर हे त्यातलं मोठं कारण आहे, असं भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, आयएडीव्हीएल, वर्षानुवर्षं सांगते आहे. तिनं या एकाच विषयावर स्वतंत्र कृती गट नेमला आहे.

कातडीचं जे नुकसान होतं ते वेगळंच. जांघेत आणि काखेत कातडी मुळातच पातळ, शिवाय घडीत दाबलेली, त्यामुळे तिथं औषध जास्त मुरतं. काही महिने अशी ट्यूब लावलेल्या तरुणांच्या मांड्यांवर रुंद, जांभळट, फाटल्यासारखे पट्टे येतात, गरोदरपणानंतर पोटावर येतात तसे. हे पट्टे जात नाहीत. रंग उतरतो, खुणा राहतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना हे आयुष्यभरासाठी देऊन ठेवायचं, आणि तेही चाळीस-पन्नास रुपयांच्या विक्रीसाठी!

चेहऱ्याचं प्रकरण आणखी वाईट आहे. मराठवाड्यात बेटनोव्हेट हे गोरं होण्याचं क्रीम आहे, असं मानणाऱ्या किती मुली तुमच्याकडे येतात ते तुम्हीच मोजा. काही दिवस चेहरा खरंच उजळ दिसतो, कारण स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगद्रव्यही कमी बनतं. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, ओठावर-गालांवर लव वाढते, आणि उन्हात पाऊल टाकलं की आग होते. क्रीम बंद केलं की चेहरा भडकतो, म्हणून ती मुलगी पुन्हा तेच क्रीम लावते. भारतीय डॉक्टरांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलंय, इतके हे रुग्ण आहेत. वांगावरच्या तिहेरी क्रीमची गोष्टही अशीच. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये मांडलेला मूळ विचार चांगला होता, काही आठवडे, देखरेखीखाली. आपल्याकडे बायका ते वर्षानुवर्षं पावडरसारखं रोज लावतात. अशी बाई तुमच्याकडे आली तर ‘आजपासून बंद करा’ असंही एकदम सांगू नका. महिनोन्‌महिने लावलेलं क्रीम एका रात्रीत सोडलं तर चेहरा सुजतो आणि ती घाबरते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, जोर कमी करत करत सोडवावं लागतं. तिला डॉक्टरांकडे पाठवा, एवढंच.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हे पत्र वाचून कुणीतरी इसबाच्या पोराचं औषध फेकून देईल. स्टेरॉइडचं मलम हे विसाव्या शतकातलं त्वचेसाठीचं सगळ्यात मोठं औषध आहे. 1952 मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम यशस्वी ठरल्याचं दाखवलं. त्याआधी इसबाच्या रुग्णाला डांबराचे लेप आणि नशीब एवढंच होतं. इसब, सोरायसिस, पांढऱ्या डागांचे काही प्रकार, यांत ते लागतंच. प्रश्न कुठलं, कुठे, किती दिवस हा आहे. बाळाच्या गालावर सौम्य, तळपायाच्या जाड कातडीवर तीव्र. मोजमाप तर आपण शिकवतोच: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे वाक्य चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. ते सांगणं तुमचं काम आहे, आणि त्याला एक मिनिटही लागत नाही.

आता खरुजेकडे येतो, कारण विष्णुपुरीत राहून खरुजेबद्दल लिहिलं नाही तर हा परिसर हसेल. इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठ, गुरू गोविंदसिंगजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था, म्हणजे वसतिगृहंच वसतिगृहं. तिकडे लातुरात नीट परीक्षेच्या तयारीसाठी आलेली हजारो पोरं, एका खोलीत चार-चार, एका दोरीवर सगळ्यांचे टॉवेल. खरूज होते ती किड्यामुळे, घाणेरडेपणामुळे नाही. डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल एवढा किडा कातडीत बोगदा करून अंडी घालतो. रात्री खाज वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, बेंबीभोवती, पुरुषांत गुप्तांगावर पुरळ दिसतं. आणि घरात किंवा खोलीत आणखी कुणीतरी खाजवत असतं. ‘रात्री जास्त खाजतं का, आणि घरात अजून कुणाला आहे का?’ हे दोन प्रश्न विचारलेत तर बऱ्याच वेळा निदान तिथेच होईल.

इथं मात्र खरा घोळ औषध वापरण्यात होतो. पाच टक्के परमेथ्रिनचं क्रीम गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या फटींत, सगळीकडे लावायचं असतं, जिथं पुरळ आहे तिथंच नाही. रात्रभर ठेवायचं, सकाळी अंघोळ. हात धुतले तर हातांवर पुन्हा लावायचं. एका मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅमची एक ट्यूब लागते. पाच माणसांच्या घरानं एकच ट्यूब नेली तर ती कुणालाच पुरत नाही, आणि मग ‘या औषधात दम नाही’ असं गावभर होतं. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो-नसो, एकाच रात्री लावायचं. आठवड्यानं पुन्हा एकदा. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून काही दिवस बाजूला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: किडा मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. हे न सांगितल्यामुळेच लोक घाबरून पुन्हा पुन्हा औषध लावतात, कातडी कोरडी करून घेतात, आणि शेवटी तुमच्या त्या स्टेरॉइडच्या खणापाशी येतात. आयव्हरमेक्टिनची गोळी गरोदर बाईला आणि 15 किलोच्या आतल्या लेकराला देऊ नका. ते डॉक्टर ठरवतील.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे आणखी अवघड. दिवाळीनंतर निघालेलं कुटुंब चार-पाच महिने कोपीत राहतं, पाणी मोजकं, अंथरूण एक. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्ही विसरला नसाल. कपडे गरम पाण्यात धुवा असं सांगताना समोरच्याकडे पाणी आहे का, हे आधी विचारावं लागतं. त्याच्याकडे नसेल तर पिशवीत बांधून ठेवण्याचा उपाय त्याच्यासाठीच आहे.

काही गोष्टी तुम्हाला विकायच्या नाहीत, फक्त ओळखायच्या आहेत. फिकट किंवा लालसर डाग, खाज नाही, आणि तिथं स्पर्श नीट कळत नाही, असं कुणी सांगितलं तर कुठलंही मलम देऊ नका. तो कुष्ठरोग असू शकतो. 2005 च्या डिसेंबरात भारतानं कुष्ठरोगाचं राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं, पण त्या घोषणेचा अर्थ दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. रुग्ण आहेत. बहुविध औषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो, आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात माणूस दुसऱ्याला संसर्ग देत नाही. उशीर झाला तर नसा जातात, बोटं वाकडी होतात, आणि ती औषधानं सरळ होत नाहीत. तुमच्या एका ट्यूबनं तो उशीर सहज एका वर्षाचा होतो.

याच्या उलट कोड. दुधासारखा पांढरा डाग, पण स्पर्श पूर्ण कळतो. कोड लागत नाही, जेवणाखाण्यानं येत नाही, मासे-दूध एकत्र खाल्ल्यानं तर मुळीच नाही. शरीराची प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उलटते म्हणून रंग जातो. औषधं, विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार, आणि डाग बरेच दिवस वाढत नसतील तर शस्त्रक्रियेनं रंगपेशींचं रोपण, असे उपाय आहेत. कोडानं माणूस मरत नाही, लग्न मोडतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2006 चा ‘नितळ’ नेमका या विषयावर आहे. दुकानात टीव्ही असेल तर क्रिकेटच्या जागी एकदा तो लावा. टिकलीच्या जागी पांढरा डाग आला असेल तर आधी टिकली बदलायला, किंबहुना थांबवायला सांगा. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन रंगपेशी मारतं.

नागीण झाली की आपल्याकडे आधी गेरू लागतो, मग मंत्र, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर. दोन्ही टोकं जुळली की माणूस मरतो ही भीती अजून घराघरांत आहे. टोकं जुळत नाहीत, कारण लहानपणच्या कांजिण्यांचा जो विषाणू एका नसेत दडून बसलेला असतो, तोच त्या नसेच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला उठतो. एसायक्लोव्हिरसारख्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगला उपयोग होतो. उशीर झाला तर, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, पुरळ जातं आणि आग महिनोन्‌महिने राहते. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी पाठवा, दृष्टी जाऊ शकते.

शेतकऱ्यांचं एक दुखणं आपल्या भागात हमखास चुकतं. चाळिशी-पन्नाशीचा माणूस, पापण्या, मान, कोपराचे खळगे जाड आणि काळपट झालेले, खाजवून खाजवून कातडं चामड्यासारखं. तो नायटा नसतो, गाजर गवत असतं. ते 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर गेलं. 1970 च्या दशकात त्यानं होणाऱ्या त्वचारोगावर जे महत्त्वाचं लेखन झालं, तेही पुण्यातल्याच रुग्णांवरून. या गवताचे सुकलेले कण हवेतून अंगावर बसतात आणि कातडी पेटते. त्याला बुरशीचं मलम काहीच करणार नाही. अंगभर कपडे, शेतातून आल्यावर अंघोळ, आणि डॉक्टरांचे उपचार, जे कधी वर्षानुवर्षं चालतात. पायाच्या भेगांना आणि सांध्यांना बिब्बा घालून भाजून घेतलेली माणसंही येतात. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, फोड आणतं आणि डाग ठेवतं. त्यांना ‘बिब्बा कुणी घातला?’ म्हणून रागावू नका, पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत. पावसाळ्यातल्या चिखल्यांना बोटांच्या फटी कोरड्या ठेवणं आणि साधं बुरशीचं मलम पुरतं, एवढं सांगून पुढे जातो.

आता तीन गोळ्या. यांतली चूक महागात पडते, म्हणून लक्ष द्या. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी खाली येतात, तोंड सोलतं आणि माणूस दगावू शकतो. डॉक्टरांची चिठ्ठी घाईत लिहिलेली असते, रुग्णाला वाचता येत नाही, घरची सून ‘रोज सकाळी’ असं समजते. पाकिटावर पेननं मोठ्या अक्षरांत वार लिहा: फक्त रविवार. हे लिहिल्याशिवाय ती पट्टी दुकानाबाहेर जाता कामा नये. दुसरी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल. ती जेवणानंतर लगेच घ्यायची असते, कारण विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पण त्याच बिलात तुम्ही ‘गॅसची गोळी’ देता, सकाळी उपाशीपोटी, आम्ल बंद करायला. मग दोन महिन्यांचं औषध घेऊनही नायटा का जात नाही, याचं उत्तर त्या बिलातच असतं. आणि मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन बाईला देताना गरोदरपणाचा प्रश्न विचारलाच पाहिजे. लाजलात तर गर्भाचं व्यंग ही त्याची किंमत आहे.

एक युक्तिवाद राहिला, आणि तो सगळ्यात खरा आहे: मी नाही दिलं तर शेजारचा देईल. हो, देईल. म्हणूनच हे पत्र एका दुकानाला लिहिलेलं नाही. तालुक्याच्या संघटनेच्या बैठकीत एक ठराव करा: एका पावसाळ्यापुरतं, जून ते सप्टेंबर, स्टेरॉइडची मिश्र मलमं चिठ्ठीशिवाय कुणीही देणार नाही. सगळ्यांनी एकदम केलं तर गिऱ्हाईक जाईल कुठे? तो आधी चिडेल, मग चिठ्ठी आणेल, आणि बहुतेक वेळा योग्य औषध तुमच्याकडूनच घेईल. त्याला परमेथ्रिनच्या एका ट्यूबऐवजी घरातल्या सगळ्यांसाठी पुरेशा ट्यूब लागतील, नायट्याला सहा आठवड्यांच्या कॅप्सूल लागतील. हिशोब केलात तर तोटा होत नाही, आणि झाला तरी मला त्याचं फार वाईट वाटणार नाही.

डॉक्टरांनाही यातून सुटका नाही. चार औषधांची एक ट्यूब लिहून निदान टाळणारे डॉक्टर शहरात आहेत, गावात आहेत. बसस्टँडवर खापरीतलं काळं मलम विकणारे आहेत, त्यानं कातडी सोलून निघते आणि माणसाला वाटतं नायटा सुटला. अन्न व औषध प्रशासनाची माणसं कमी आहेत, हेही खरं. या सगळ्यांना वेगळी पत्रं लिहायला हवीत. पण त्यांच्या आणि रुग्णाच्या मध्ये शेवटचा हात तुमचा आहे, म्हणून पहिलं पत्र तुम्हाला.

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. रांग मोठी असते, मान्य. पण कडेचे खवले खरडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून काचेखाली पाहिलं की बुरशी आहे की नाही हे थोड्याच वेळात कळतं, आणि ही तपासणी महाग नाही. त्याआधी स्टेरॉइड लावलेलं असेल तर नायट्याचं रूप बिघडतं, डॉक्टरांचीही फसगत होते. पाठवताना एक कागद द्या आणि त्यावर रुग्णानं आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबची नावं लिहा. पेशंट सांगत नाही, त्याला आठवत नाही. तुमच्या बिलबुकात सगळं आहे.

तर येत्या बैठकीत ठराव मांडा. तो मंजूर झाला की मला कळवा. तालुक्याला येऊन, फुकटात, तुमच्या काउंटरवरच्या पोरांना बोटाचं पेर आणि परमेथ्रिनची रात्र शिकवायला मी तयार आहे. आणि ठराव होईपर्यंत, उद्या सकाळी जो पहिला माणूस जांघ खाजवत ‘तेच मलम’ मागायला येईल, त्याला ते देऊ नका.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माणशास्त्र शिक्षक
विष्णुपुरी, नांदेड